सुर्वेबाई आणि एक अपुरं क्रियापद

सुर्वेबाई कुणाला मूर्ख म्हणत नसत. सगळी नोकरी त्यांनी मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवण्यात काढली, पण वर्गात कुणाचं कितीही चुकलं तरी तो शब्द आम्ही त्यांच्या तोंडून ऐकला नाही. चुकलेल्या मुलीकडे त्या चष्म्याच्या वरून बघायच्या आणि म्हणायच्या, "मूर्ख नाहीस गो तू. घाईत आहेस." मग धातू पुन्हा पहिल्यापासून.

रूपं म्हणून घेताना त्या टेबलाच्या कडेवर बोटांनी ठेका धरत. कुणी 'गच्छसि'च्या जागी 'गच्छति' म्हटलं, 'तू'चा 'तो' केला, की ठेका थांबायचा. "अगो, तुझ्यासमोर उभं असलेलं माणूस तू खोलीबाहेर काढलंस. बोलाव त्याला आत." ती मुलगी ओशाळून 'गच्छसि' म्हणायची. बाई दाराकडे बघून मान हलवायच्या, जसं काही खरंच कुणीतरी आत येऊन बसलं. आम्ही हसायचो. त्या हसत नसत.

पुढे मी कोर्टात स्टेनो म्हणून लागले, लग्न झालं आणि रत्नागिरीतच माळनाक्याच्या उतारावरच्या एका इमारतीत आम्ही जागा घेतली. समोरच्या दारावर पाटी होती, सुर्वे. शाळेतल्या बाई आता शेजारीण झाल्या तरी मला त्यांना काकी वगैरे म्हणता आलं नाही. त्याही मला 'वर्षा' अशी हजेरी घेतल्यासारखीच हाक मारत.

बाई खेडच्या आतल्या एका गावातल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. नवरा मुंबईला नोकरीत. गणपतीला आणि शिमग्याला येणारा, आणि निवृत्त व्हायच्या आत गेलेला. त्याच्याबद्दल बाई फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाल्या होत्या, "चांगला माणूस होता. ओळख कमी पडली." मुलगा एकच, संदीप. तो भाट्याच्या खाडीत पोहायला शिकला, इंजिनीअर झाला आणि जर्मनीला गेला. तिथेच हानाशी लग्न केलं. त्यांना मुलगी झाली, मीरा.

मीरा तीन वर्षांची असताना ते सगळे एकदा रत्नागिरीला आले होते. पोर दिवसभर बाईंच्या पदराला धरून हिंडायची आणि जर्मन बोलायची. बाई मराठीत उत्तरं द्यायच्या. दोघींचं छान चाललं होतं. पण ती मोठी झाली, फोनवर चेहरे दिसायला लागले, तेव्हा अडचण झाली. संदीप घरात जर्मन बोलायचा. मीराला मराठीतला 'आजी' एवढा एकच शब्द यायचा. इंग्रजी तिला अजून नीट येत नव्हतं आणि बाईंना वाचता येत असलं तरी बोलायची लाज वाटायची. फोन लागला की दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या. हसून संपलं की मीरा पळून जायची.

"शेजाऱ्याच्या मांजराशी मी याहून जास्त बोलते," बाई मला म्हणाल्या. तक्रार म्हणून नव्हे. नुसतं सांगितलं.

मग मीराला शाळेत लॅटिन लागलं. ती रडतेय, पाठ होत नाही म्हणतेय, म्हणून संदीपने गंमत म्हणून तिच्या पुस्तकाच्या एका पानाचा फोटो आईला पाठवला. मी संध्याकाळी कोर्टातून आले तर बाई दारातच उभ्या. फोन माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "हे बघ. पातेर, मातेर. हे बघ, एस्त, सुन्त. अस्ति, सन्ति. वर्षा, हे तर आपलंच आहे की!"

इतकं मोठ्याने बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांनी माझ्याकडून इंग्रजीतलं लॅटिन व्याकरण मागवून घेतलं. सत्तरी ओलांडलेली बाई सकाळी पूजा आटोपली की त्या पुस्तकापुढे बसायची. बोटांचा ठेका भिंतीतून आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. शनिवारी संध्याकाळी, तिकडे दुपार असताना, मीराचा फोन यायचा. फोन पितळी डब्याला टेकवून उभा करायचा आणि समोर बाई खुर्चीत ताठ. मोडक्या इंग्रजीत चार शब्द, बाकी सगळं लॅटिन. बाई एक रूप म्हणायच्या, ती दुसरं म्हणायची. चुकली की बाई तिच्याकडे चष्म्याच्या वरून बघायच्या, आणि ती पोर तिकडे खुदकन हसायची. सहा महिन्यांत मीरा वर्गात पहिली आली.

ते क्रियापद मीराने शोधून काढलेलं. संदीपने घरी बांगड्याचं तिखलं करायला घेतलं होतं. तेल तापत ठेवून तो कुणाशी तरी फोनवर बोलत राहिला. धूर झाला, धुराची घंटा वाजली, सगळी इमारत जिन्यात आली, बंबवाले आले. त्या शनिवारी मीराने शब्दकोश उघडला आणि आजीला एक शब्द दाखवला. इनेप्तिओ. मूर्खासारखं वागणं, वेडेपणा करणं.

बाईंना तो शब्द फार आवडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तो समजावला. मी भाजी निवडत होते. त्यांना समोर ऐकणारं कुणीतरी लागे.

"मूर्खाला म्हणतात इनेप्तुस. त्यातला 'इन' म्हणजे आपला नकार. आणि आप्तुस म्हणजे जुळलेला, बसलेला, योग्य. आपल्या 'आप्त'चा नातेवाईक शब्द तो. म्हणजे मूर्ख कोण? जो अनाप्त. कुठेच नीट न बसणारा." मग म्हणाल्या, "शिवी नाही ही. बिचाऱ्याला जागा मिळालेली नाही, एवढंच."

त्या घरात तो शब्द संदीपचाच झाला. संदीपने उलटा शर्ट घातला, पातेर इनेप्तित. संदीप गाडीची किल्ली गाडीतच विसरला, पातेर इनेप्तित. बाप मूर्खपणा करतोय. शनिवारी तासाच्या सुरुवातीला मीरा बापाचा आठवड्याचा अहवाल द्यायची आणि मग दोघी सुरात सहा रूपं म्हणायच्या. इनेप्तिओ, इनेप्तिस, इनेप्तित, इनेप्तिमुस, इनेप्तितिस, इनेप्तिउन्त. पाठीमागून संदीप ओरडायचा, "आई, काय शिकवतेस तिला?"

"तुझं वर्णन," बाई म्हणायच्या.

त्यांनी कधी कुणाला मूर्ख म्हटलं असेल तर ते एवढंच, मुलाला, लॅटिनमध्ये.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी माझा फोन वाजला. हानाकडे माझा नंबर होता, अडीअडचणीला म्हणून दिलेला. ती इंग्रजीत बोलत होती आणि तिचा आवाज अगदी सपाट होता. त्यांच्या गावाबाहेर एक तळं आहे. थंडीत गोठतं. बर्फ अजून पातळ आहे, वर जाऊ नये, अशी पाटी लावलेली होती. संदीप मीराला घेऊन फिरायला गेला होता. तो बर्फावर गेला. काठापासून फार लांब नाही. बर्फ तुटला. माणसं येईपर्यंत उशीर झाला होता.

मी समोर गेले. दार नेहमीसारखं उघडंच होतं. बाई कुळथाचं पीठ चाळत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि हानाने सांगितलं तसंच सांगितलं, कमी नाही, जास्त नाही. कोर्टात दुसऱ्यांची वाक्यं उतरवून घ्यायची सवय होती, तीच त्या दिवशी कामाला आली.

चाळण थांबली.

"मीरा कुठे होती?"

"काठावर."

"बरं," बाई म्हणाल्या. आणि चाळण परत हलायला लागली. उरलेलं पीठ त्यांनी चाळलं, डब्यात भरलं, झाकण लावलं. कोंडा वेगळा काढला. हात धुतले, पदराला पुसले आणि खुर्चीत येऊन बसल्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तो थंड नव्हता, गरम नव्हता. माझा हात तिथे आहे हे त्यांना कळत असावं असं वाटलं नाही.

जायचं म्हटलं तरी व्हिसा वेळेत मिळणार नव्हता. त्यांनी विचारलंही नाही. गावाहून दीर आले, त्यांना सगळे भाऊ म्हणत. त्यांच्या दोन सुना आल्या. शेजारपाजारचे, शाळेतल्या जुन्या बाया, समाचाराला माणसं येत राहिली. बाई प्रत्येकाला बसा म्हणत, पाणी द्यायला सांगत, आणि काय झालं ते विचारणाऱ्याला तीन वाक्यांत सांगत. रडणाऱ्या बायकांकडे त्या जरा कुतूहलाने बघत. एक विद्यार्थिनी गळ्यात पडली तर तिची पाठ थोपटत बसल्या.

मग शनिवार आला. संध्याकाळी खोली माणसांनी भरलेली. फोन नेहमीच्या वेळेला वाजला. मी तो उचलून आत न्यायला निघाले, तर बाई म्हणाल्या, "इकडे दे." त्यांनी पितळी डबा स्वतः उठून आणला, फोन त्याला टेकवला.

मीरा दिसली. केस विंचरलेले नव्हते. ती आजीकडे बघत राहिली आणि आजी तिच्याकडे.

मीरा अर्ध्या इंग्रजीत म्हणाली, "आजी, इनेप्तिओ. याचा पूर्ण भूतकाळ काय?"

"नाही," त्या म्हणाल्या.

"पुस्तकात पण नाही. फक्त रेघ आहे."

"हो. या क्रियापदाला तो नाही."

मला हे आधी बाईंनीच कधीतरी सांगितलेलं होतं. लॅटिनमध्ये क्रियापदाची चार मुख्य रूपं पाठ करायची असतात. याची दोनच आहेत. तिसरं, म्हणजे जे करून संपलं ते सांगणारं, ते नाहीच, चौथंही नाही. 'मूर्खपणा करतो' म्हणता येतं, 'करत होता' म्हणता येतं. 'त्याने मूर्खपणा केला' आणि पूर्णविराम, असं त्या क्रियापदाने म्हणता येत नाही. तेव्हा बाईंना त्याची मौज वाटली होती.

"दुसरे शब्द घेता येतील," बाई आता म्हणाल्या. "स्तुल्ते फेकित. मूर्खपणाने केलं. ते पूर्ण होतं."

मीराने मान हलवली. "तो पापाचा शब्द नाही."

"मग इनेप्तिएबात," बाई म्हणाल्या. "करत होता. एवढंच मिळेल."

"इनेप्तिएबात," मीरा म्हणाली.

"पहिल्यापासून."

आणि दोघी म्हणायला लागल्या. इनेप्तिएबाम, इनेप्तिएबास, इनेप्तिएबात. बाईंची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरत होती. आवाज नेहमीइतकाच, वर नाही, खाली नाही. इनेप्तिएबामुस, इनेप्तिएबातिस, इनेप्तिएबान्त. पोर एकदा अडखळली. बाई थांबल्या, तिने ते रूप परत म्हटलं, दोघी पुढे गेल्या. संपलं की परत पहिल्यापासून. किती वेळा, मी मोजलं नाही. समाचाराला आलेल्या एका बाईंना तिकडची प्रार्थना वाटली असावी. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मग त्यांच्या शेजारच्या दोघींनीही जोडले.

भाऊंना मात्र ते काय ते उमगलं. संदीपकडून त्यांनी या तासांबद्दल आधी ऐकलेलं होतं. फोन बंद झाल्यावर त्यांनी विचारलं, "वहिनी, हे काय? घरात सुतक. पोराला जाऊन आठवडा नाही झाला, आणि तुम्ही धडे घेताय?"

"तिचा तास होता, भाऊ," बाई म्हणाल्या. "चुकवला असता तर ती परत आली नसती."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने भाऊ गेले. बरेच दिवस बाईंशी बोलत नव्हते असं कानावर आलं.

तास चालू राहिले. मी दारातून येताजाता बघायची. अहवाल आता नसायचा. थेट पुस्तक. बाई आधीसारख्याच बाजारात जायच्या, मासे घासाघीस करून आणायच्या, ते शिजवायच्या आणि मला वाटी भरून द्यायच्या. कधी त्यात मीठच नसायचं. त्या स्वतः तेच जेवलेल्या असायच्या आणि त्यांच्या लक्षात आलेलं नसायचं. मी एकदा सांगितलं तर म्हणाल्या, "असं होय? तू घाल वरून." दिवाळीला त्यांनी कंदील लावला नाही, पण कुणी विचारल्यावर म्हणाल्या, "अगो, विसरले." आणि खरंच विसरल्या होत्या.

हानाचा परत एकदा मला फोन आला. मीरा घरात बोलत नाही, म्हणाली. बापाचं नाव काढत नाही, त्या दिवशी काय झालं ते पोलिसांना सांगितलं तेवढंच. डॉक्टर म्हणतात, तिने बोलायला हवं. शनिवारी मात्र खोलीचं दार लावून आजीशी तासभर असते. त्या दोघी काय बोलतात? आजी तिला काही विचारते का? नुसतं व्याकरण चाललं असेल तर ते थांबवावं का, असं डॉक्टर विचारतायत.

मी हे बाईंना सांगितलं. शाळेत असताना सुद्धा मी त्यांना इतकं घाबरले नव्हते. त्या ऐकत होत्या की नाही ते कळेना.

"हानाला सांग, एक शनिवार दे मला," त्या शेवटी म्हणाल्या.

त्या शनिवारी त्यांनी मला घरात बसवून घेतलं. का, ते सांगितलं नाही. एकटीने ऐकायची तयारी नसावी. मीरा दिसल्यावर त्यांनी पुस्तक बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "आज निबंध. तोंडी. विषय, तळं."

मीराने खूप वेळ खाली बघितलं. मला वाटलं, आता ती फोन बंद करणार. मग ती बोलायला लागली. एकेक शब्द शोधत, पहिल्या वर्षाच्या पुस्तकातल्यासारखी लहान लहान वाक्यं, सगळी वर्तमानकाळात. मला अर्थ कळत नव्हता. मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि त्याच्यावर काही दिसत नव्हतं. पहिल्याच वाक्याला त्यांनी तिला थांबवलं, एक शब्द दुरुस्त केला. मीराने दुरुस्त करून वाक्य परत म्हटलं. पुढे सात-आठ वाक्यं, आणि ती थांबली.

"बेने," बाई म्हणाल्या. छान.

तिकडे मीरा टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. मोठ्याने, लहान मूल रडतं तशी. तिकडचं दार उघडल्याचा आवाज आला, हानाचा हात पडद्यावर दिसला, आणि फोन कुणीतरी बंद केला.

मी बाईंना पाणी आणून दिलं. त्यांनी भांडं हातात धरून ठेवलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

बाईंनी वाक्यामागून वाक्य मराठी करून दिलं. वर्गात उतारा सांगावा तसं. "पापा बर्फावर जातो. मी काठावर उभी आहे. मी नको म्हणते. पापा हसतो. पापा नाचतो. मी ओरडते. पापाला ऐकू येत नाही. मी पापाला बघते. मी पापाला बघत नाही."

मग म्हणाल्या, "तिने 'इन ग्लाकिए' म्हटलं. म्हणजे बर्फावर असणं. मी सांगितलं, 'इन ग्लाकिएम' म्हण. तो तिकडे जातोय ना? मग द्वितीया हवी." भांडं त्यांनी खाली ठेवलं, पाणी न पिता. "माझा मुलगा बर्फावर चालत जात होता, वर्षा, आणि मी विभक्ती दुरुस्त केली."

त्यांच्या डोळ्यात पाणी नव्हतं. त्यांना तेव्हा तरी रडू येईल असं मला वाटलं होतं, पण त्या उठून देवापाशी दिवा लावायला गेल्या. काडी पेटवली आणि ती बोटापर्यंत जळत आली तरी धरून उभ्या राहिल्या. मी ती फुंकली. त्या रात्रीपुरती मी त्यांच्याकडेच झोपले.

मीरा त्यानंतर आईशी बोलू लागली, असं हानाने कळवलं. हळूहळू, थोडं थोडं. शाळेत मैत्रिणी झाल्या. आणि मग वरच्या वर्गात गेल्यावर तिने लॅटिन सोडलं. तिकडे सोडता येतं म्हणे. हे तिने आजीला स्वतः सांगितलं, घाबरत. तोवर तिचं इंग्रजी चांगलं झालेलं होतं.

"बरं केलंस," बाई म्हणाल्या.

"तुला राग नाही आला?"

"नाही. तुझं काम झालं त्याच्याकडचं."

मला वाटलं, आता शनिवार संपले. मीराकडे आजीशी बोलायला काही उरलं नव्हतं, आणि बाई तर आधीच फार बोलेनाशा झाल्या होत्या. पण पुढच्या शनिवारी फोन वाजला, त्याच्या पुढच्याही.

बाई गेल्या वर्षी गेल्या, झोपेत. मी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला होते. भाऊंचा मुलगा येऊन सगळं करून गेला. हानाला मी तिथूनच फोन केला, तिने मीराला सांगितलं. मी परत आले तेव्हा समोरच्या दाराला कुलूप होतं.

नाशिकला निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, मी त्यांच्याकडे घराची किल्ली ठेवायला गेले होते. दार उघडं होतं. बाई जमिनीवर बसून डाळिंब्या सोलत होत्या. मोड आलेल्या वालांचं पातेलं एका बाजूला, सालांचं ताट दुसऱ्या बाजूला, आणि समोर डब्याला टेकवलेला फोन. पडद्यावर मीरा तिच्या टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होती. केस तोंडावर आलेले. कोणी बोलत नव्हतं. तिकडून मधूनच पान उलटल्याचा आवाज यायचा, इकडे सोललेली डाळिंबी भांड्यात पडल्याचा. मी किल्ली खुंटीला अडकवली तरी दोघींपैकी कुणी वर बघितलं नाही.

वालाचं एक साल उडून पडद्यावर चिकटलं होतं, बरोबर मीराच्या कपाळावर. बाईंचं लक्ष गेलं. त्यांनी ओला हात पदराला पुसला, पुढे वाकल्या आणि ते साल एका बोटाने हलकेच बाजूला केलं. मीरा लिहीत राहिली. बाईंनी पातेलं जवळ ओढलं आणि पुढची डाळिंबी उचलली.